जावईबापू घासायला बसले

बोरथळ गावात केरोबा नावाचा एक जावई राहत होता. भोळा होता. वाईट असं त्याच्यात काही नव्हतं. सांगितलेलं तो ऐकायचा. जेवढं सांगितलं तेवढंच ऐकायचा, आणि जसं सांगितलं तसंच ऐकायचा. सगळा घोटाळा तिथेच होता.

बोरथळला येण्याआधी तो आपल्या गावी थोरल्या भावाच्या म्हशी राखायचा. एकदा भाऊ बाजाराला निघाला आणि जाता जाता म्हणाला, म्हशींवर डोळा ठेव. केरोबाने एका म्हशीच्या पाठीवर डोळा टेकवला. म्हशी सात होत्या, म्हणून थोडा थोडा वेळ प्रत्येकीवर टेकवला. संध्याकाळपर्यंत डोळा सुजून पेरूएवढा झाला आणि दोन म्हशी कोंडवाड्यात गेल्या. भावाने त्याला बायकोसकट एसटीत बसवून दिलं आणि सासुरवाडीला जा, परत येऊ नकोस, असं सांगितलं. केरोबा परत गेला नाही.

सासुरवाडीला एकटी सासू होती. तिचं नाव भागाबाई. नवरा सुतार होता, तो गेल्यावर हिने त्याची हत्यारं हातात घेतली. सुरुवातीला लोक हसले. मग तिने केलेला पोळपाट एकीने नेला, तो दुसरीने बघितला, आणि हसणं थांबलं. पाट, लाटणी, देव्हारे, पाळण्यावर टांगायचे पोपट, सगळं ती करायची. आसपासच्या गावांत तिला मिस्त्रीणबाई म्हणत.

पण गेल्या वर्षापासून तिचा उजवा खांदा धरला होता. करवत चालायची, रंधाही कसाबसा चालायचा. घासणं मात्र होईना. घासायचं म्हणजे तासन् तास तेच, पुढे-मागे, पुढे-मागे. खांदा ऐकायचा नाही. आणि न घासलेला पोळपाट कोण घेणार? पोळीबरोबर कुसळ पोटात जायचं. त्यामुळे लेक आणि जावई पिशव्या घेऊन दारात उभे राहिले तेव्हा भागाबाईला बरंच वाटलं. जावयाचे हात दणकट होते, आणि कंटाळा म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं.

अडचण एकच होती. तो जावई होता. जावयाला रागवायचं नाही, असा त्या घराचा रिवाज. म्हणून केरोबाने काही केलं की भागाबाई आधी वर आढ्याकडे बघायची, एक मोठा श्वास घ्यायची, आणि मग एकच वाक्य बोलायची. ते वाक्य म्हणजे शिकवणी.

पहिल्या दिवशी तिने त्याच्या हातात एक पोळपाट दिला आणि काचपेपरचा तुकडा दिला. या कागदाने घासा, म्हणाली, आणि बाहेर गेली. केरोबाने कागद हातात धरून पाहिला. एक बाजू टोचत होती. टोचणारी बाजू लाकडाला लावणं त्याला बरं वाटलं नाही. ती त्याने आपल्या तळहाताकडे धरली आणि गुळगुळीत बाजूने घासायला बसला. जेवणाच्या वेळेपर्यंत घासत होता. पोळपाट होता तसाच राहिला. तळहाताची सालं निघाली.

भागाबाईने आढ्याकडे पाहिलं.

"खरखरीत बाजू लाकडाकडे, गुळगुळीत बाजू आपल्याकडे," ती म्हणाली. "एवढं लक्षात ठेवा, जावईबापू."

केरोबाने लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोला, इंदूला, गाजरहलवा करायचा होता. तिने त्याच्यापुढे पाट ठेवला, किसणी दिली, टोपलीभर गाजरं दिली आणि दूध आणायला गेली. केरोबाने किसणी बघितली. एक बाजू खरखरीत, एक गुळगुळीत. पाट लाकडाचा होता. त्याने खरखरीत बाजू पाटाकडे केली आणि गुळगुळीत बाजूवर गाजरं घासली. इंदू परत आली तेव्हा गाजरं नुसती चकाकत होती. पाटावर मात्र नांगरट झाली होती. इंदूने विचारलं, हे काय. केरोबाने मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, सांगितल्याचं सांगितलं. इंदूने गाजरं चिरून भाजीत टाकली.

ओरखडलेला पाट तिने आईकडे दिला. भागाबाईने तो केरोबालाच दिला, तुमचंच काम आहे म्हणाली. जाता जाता तिने पाटाचे कोपरे हाताला लागतायत, तेवढे मारून घ्या, असंही सांगितलं. थोड्या वेळाने परसातल्या खोलीतून, तिच्या सुतारकामाच्या कारखान्यातून, धपाधप आवाज यायला लागला. म्हणून ती बघायला गेली. केरोबा हातात काठी घेऊन पाटाचे चारी कोपरे मारत होता. तीन मारून झाले होते, चौथा चालू होता. भागाबाईने त्याच्या हातातून काठी घेतली, काचपेपर दिला, आणि कोपऱ्यावरून तो हलक्या हाताने कसा ओढायचा ते करून दाखवलं. करून दाखवलेलं त्याला लगेच जमायचं. बोलून दाखवलेलं मात्र भलतीकडे जायचं.

पाटावरचे ओरखडे काढायला त्याने बारीक कागद घेतला. बारीक कागद म्हणजे पिठासारखी रेव असलेला. तो शेवटी वापरायचा असतो. सहा कागद संपले, ओरखडे तसेच.

"आधी जाड, मग बारीक," भागाबाई म्हणाली. "उलटं कधी करायचं नाही."

त्याच आठवड्यात हिंदुराव देसायांच्या घरी मुलीचा साखरपुडा होता. देसाई म्हणजे भागाबाईचं मोठं गिऱ्हाईक. घरातला देव्हारा तिचा, झोपाळ्याची फळी तिची, नातवाचा पांगुळगाडा तिचा. कामाला माणसं कमी पडत होती म्हणून त्यांनी केरोबाला मदतीला बोलावलं. मांडवात जेवणाची पंगत बसत होती. देसाई त्याला म्हणाले, दारात उभा राहा, गर्दी होऊ देऊ नकोस, एकेकाला नीट आत सोड.

केरोबा दारात उभा राहिला. आलेल्या माणसांकडे त्याने एकदा नीट पाहिलं आणि कामाला लागला. जाड माणसांना आत सोडलं. बारीक माणसांना भिंतीकडेला उभं केलं. कुणी विचारलं तर नम्रपणे सांगत होता, तुम्ही बारीक आहात, तुमचं नंतर. देसायांची थोरली बहीण अंगाने भक्कम होती. तिला त्याने हाताला धरून पहिल्या पाटावर नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की यांच्याइतकं जाड इथे कुणी नाही, सुरुवात यांच्यापासून. बाई उठल्या आणि न जेवता देवळात जाऊन बसल्या. त्यांची समजूत घालायला चार माणसं गेली. नवऱ्या मुलाचा बाप अगदी काडीसारखा होता. तो तिसऱ्या पंगतीला बसला, तेव्हा जिलबी संपली होती.

दुसऱ्या दिवशी देसाई स्वतः भागाबाईकडे आले. आवाज चढवला नाही, पण बोलले ते स्पष्ट बोलले. लग्न आठ-दहा दिवसांवर आलं होतं. मुलीला सासरी न्यायला एक फणेरपेटी हवी होती. फणेरपेटी म्हणजे कुंकवाचा करंडा, फणी, काजळ ठेवायची वीतभर लाकडी पेटी, झाकणाच्या आत आरसा. ती पेटी मिस्त्रीणबाईंच्याच हातची हवी, असा मुलीचा हट्ट होता. पेटी वेळेवर आणि नीट मिळाली तर झालं गेलं विसरून जाऊ. नाही मिळाली तर यापुढे शहरातून वस्तू आणू. आणि जावयाला लग्नाला पाठवू नका.

देसायांचं काम गेलं तर बाकीच्यांचंही जाणार, हे भागाबाईला माहीत होतं. तिच्याकडे नवऱ्याने ठेवलेल्या शिसवीच्या दोन फळ्या होत्या. इतक्या वर्षांत तिने त्यांना हात लावला नव्हता. त्यातली एक तिने खाली काढली.

पेटी कापायला ती स्वतः बसली आणि केरोबाला एक साधा पाट घासायला दिला. त्याने तो जोर लावून आडवा घासला. लाकडाच्या रेषा उभ्या, ओरखडे आडवे.

"लाकडाला रेषा असतात," भागाबाई म्हणाली. "रेषेबरोबर जायचं. रेषा आडवी ओलांडायची नाही."

मग तिला पेटी जोडायला सरस हवा होता. सरस रस्त्यापलीकडच्या दुकानात मिळायचा. तिने केरोबाला पाठवलं. सकाळचे नऊ वाजले होते.

केरोबा रस्त्याच्या कडेला आला. समोर दुकान दिसत होतं. दुकानदार दिसत होता. दुकानदाराने हातही केला. पण रस्ता नुकताच नवा झाला होता आणि मधोमध पांढरी रेषा होती. केरोबा थांबला. आडवी ओलांडायची नाही. रेषेबरोबर जायचं. तो रेषेबरोबर चालू लागला, तालुक्याच्या दिशेने.

तालुका तेथून अकरा किलोमीटर होता. वाटेत ओळखीचे दोघे भेटले, कुठे निघालास म्हणून विचारलं, तर केरोबा म्हणाला, समोरच्या दुकानात. तालुक्याच्या एसटी स्टँडपाशी रेषा संपली. केरोबा तिच्या टोकाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आला आणि परत चालू लागला. बोरथळला पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. आता दुकान त्याच्या बाजूला होतं. पण ते बंद झालं होतं.

तो पायरीवर बसला. थोड्या वेळाने इंदू त्याला शोधत रस्त्याच्या अलीकडच्या कडेला आली. दिवसभर तिने विहिरीपासून देवळापर्यंत सगळीकडे पाहिलं होतं.

"अहो, इकडे या," ती म्हणाली.

"रेषा आहे," केरोबा म्हणाला.

इंदूला सगळं समजलं. तिचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. ती पलीकडे गेली, दुकानाच्या पायरीवरचं पोतं उचललं आणि आणून रेषेवर टाकलं. रेषा दिसेनाशी झाली. केरोबा पोत्यावरून चालत आला. त्याचे पाय सुजले होते. घरी गेल्यावर तिने त्याला कढत पाण्याची बादली दिली आणि पाणी पायांवर ओता, असं नीट सांगितलं. पाय असा शब्द तिने दोनदा उच्चारला.

सरस दुसऱ्या दिवशी इंदूनेच आणला.

इतकं असलं तरी एक गोष्ट खरी की केरोबाचं घासणं आता सुधारलं होतं. भागाबाईने त्याला डोळे मिटून तपासायला शिकवलं होतं. डोळ्यांना सगळं गुळगुळीत दिसतं, त्यांच्यावर जायचं नाही, काही बघायचं असलं की डोळे मिटायचे आणि हात फिरवायचा. हे त्याला फार आवडलं. तो डोळे मिटून पाटावरून बोटं फिरवायचा आणि केसाएवढा खडबडीतपणाही त्याला सापडायचा. त्याने घासलेल्या दोन पोळपाटांवर हात फिरवून भागाबाईने ते विकायच्या ढिगात ठेवले. आढ्याकडे पाहिलं नाही. केरोबाला त्या दिवशी भाकरी जरा जास्त गेली.

पेटी कुठवर आली ते विचारायला देसाई आले, तेव्हा भागाबाई आत होती. तिने आतूनच सांगितलं, जावईबापू, कोण आलंय ते जरा बघा.

केरोबा उठला, देसायांसमोर गेला, डोळे मिटले आणि त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. लग्नाच्या धावपळीत देसायांनी तीन दिवस दाढी केली नव्हती. केरोबाने दोन्ही गाल तपासले, हनुवटी तपासली, मिशीपाशी जरा थांबला.

"मामी, डाव्या गालाला अजून जाड कागद लागेल," तो आत ओरडून म्हणाला. "आणि नाकाखाली सगळी कुसळं आहेत."

देसायांनी त्याचा हात हळूच बाजूला केला. पेटी अजून हातात यायची होती. ते तिथून निघाले आणि थेट न्हाव्याकडे गेले.

पेटी जोडून झाली. पितळी बिजागऱ्या बसल्या, कडी बसली, झाकणात आरसा बसला. शिसवीच्या फळीत काळ्या-तांबूस लाटांसारख्या रेघा होत्या, त्या अंगभर दिसत होत्या. आता फक्त घासायची राहिली होती. भागाबाईने एक बाजू घासायला घेतली आणि खांदा असा दुखला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या गावात मालिश करणारी एक म्हातारी होती. इंदू म्हणाली, दोन दिवस तिच्याकडे जाऊन येऊ, नाहीतर हात कायमचा जाईल. भागाबाईने विचार केला. जावई आता बरा घासतो. जाड कागद कधी, बारीक कधी, त्याला कळतं. तरी तिने एक खबरदारी घेतली. पेन्सिल घेतली आणि पेटीच्या सगळ्या बाजूंवर बारीक रेघा मारल्या, म्हणजे कुठे घासलं आणि कुठे राहिलं ते त्याला कळेल.

"रेघा जाईपर्यंत घासा," तिने सांगितलं. "एकही रेघ शिल्लक ठेवू नका."

दोघी गेल्या. केरोबा बसला.

पेन्सिलीच्या रेघा अर्ध्या तासात गेल्या. केरोबाने पेटी उजेडात धरली. रेघा होत्याच. काळ्या, तांबूस, लाटांसारख्या. त्याने घासल्या. त्या गेल्या, पण खालून दुसऱ्या वर आल्या. त्याने त्याही घासल्या. बारीक कागदाने काम होईना म्हणून जाड घेतला. जाडाने भराभर जात होत्या आणि तेवढ्याच भराभर खालून येत होत्या. इतक्या रेघा एवढ्याशा पेटीत कुठून आल्या, याचं त्याला नवल वाटलं. पण नवल करत बसायला कुणी सांगितलं नव्हतं. तो घासत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फळ्या पापडाएवढ्या झाल्या. पलीकडचा उजेड दिसायला लागला. त्या उजेडातही एक रेघ दिसत होती. संध्याकाळी आधी कडी पडली, मग बिजागऱ्या पडल्या, आणि शेवटी आरसा त्याच्या मांडीवर पडला. केरोबाने तो पुसून बाजूला ठेवला आणि उरलेल्या चार कपच्या घासून संपवल्या.

दोघी परत आल्या तेव्हा तो दारातच उभा होता. जमिनीवर आरसा, दोन बिजागऱ्या, एक कडी आणि भुशाचा तांबूस ढीग होता. हात खांद्यापर्यंत माखले होते आणि चेहऱ्यावर समाधान होतं.

"मामी," तो म्हणाला, "एकही रेघ नाही."

भागाबाईने आढ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. या वेळी वाक्य आलं नाही. तिने वाकून थोडा भुसा चिमटीत घेतला, हुंगला आणि परत ठेवला. मग माळ्यावरून शिसवीची दुसरी फळी खाली काढली. लग्नाला चार दिवस होते.

केरोबाला तिने एवढंच सांगितलं की पेटी होईपर्यंत तुम्ही हाताची घडी घालून बसा. केरोबाने हाताची घडी घातली आणि कोपऱ्यात बसला. चार दिवस त्याने ती सोडली नाही. इंदू त्याला घास भरवायची. झोपायचाही तसाच.

भागाबाईने कापलं, जोडलं, आणि इंदूने घासलं. इंदूचे हात कमी पडले तिथे भागाबाईने दात आवळून स्वतः घासलं. रेट्यागणिक तिच्या कपाळाला आठी पडायची. केरोबा कोपऱ्यातून बघत होता. त्याला हळूहळू कळलं की पेटी दुसऱ्यांदा करावी लागते आहे, आणि ती आपल्यामुळे. आपण सांगितलं तेच केलं, तरी चुकलं कसं, हे त्याला उमजेना. पण मामींना दुखतंय हे दिसत होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. हाताची घडी होती म्हणून ते पुसता आलं नाही. इंदूने पदराने पुसलं.

लग्नाच्या सकाळी पेटी झाली. पहिलीपेक्षा चांगली झाली. भागाबाई स्वतः घेऊन गेली. देसायांच्या मुलीने झाकण उघडून आरशात पाहिलं, मग झाकण मिटून पेटीवरून बोट फिरवलं आणि भागाबाईच्या पाया पडली. मांडवात ती पेटी बायकांच्या हातांतून फिरत राहिली. तिघींनी तिथल्या तिथे आपल्या मुलींसाठी तशीच पेटी सांगून ठेवली. देसायांनी भागाबाईला लुगडं-नारळ दिलं. जावयासाठी टॉवेल-टोपीही दिली, तुम्हीच घेऊन जा म्हणाले, त्यांना इथवर यायला नको.

दुपारी भागाबाई घरी आली. लेकीला म्हणाली, त्यांना हात सोडायला सांग. मग ओसरीवर चटई टाकली, दुखऱ्या खांद्याखाली उशी घेतली आणि पडल्या पडल्या झोपली. इंदू पाणी आणायला विहिरीवर गेली.

केरोबा सासूच्या उशाशी येऊन बसला. नवी टोपी घातली होती. त्याला मामींचं फार वाटलं. चार दिवस बाई राबली, रागावली नाही, घराबाहेर काढलं नाही, वर टोपी आणली. आपणही तिच्यासाठी काहीतरी करावं. आयुष्यात पहिल्यांदाच, कुणी न सांगता काही करावं असं त्याच्या मनात आलं.

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चार दिवसांच्या कष्टाने कपाळावर तीन खोल रेघा पडल्या होत्या. झोपेतही त्या गेल्या नव्हत्या.

केरोबा पाय न वाजवता कारखान्यात गेला आणि कागद घेऊन आला. कागद मात्र त्याने सगळ्यात बारीक निवडला होता. सासूबाईंचं कपाळ होतं.